आघाताचा स्वर आणि तारेची मींड

तारेसाठी बांधलेले संगीत लाकडी पट्ट्यांवर वाजवता येईल काय, आणि वाजवल्यास त्यातले काय हाती लागते व काय निसटते, हा प्रश्न इंदूरच्या श्रोत्यांना प्रथमदर्शनी दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे. योहान सेबास्टियन बाख या जर्मन रचनाकाराने एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा रचनामालिका आज जगभर मरिंबा नावाच्या काष्ठवाद्यावर वाजवल्या जातात. चेलो हे गजाने वाजणारे, माणसाच्या आवाजाशी नाते सांगणारे वाद्य; मरिंबा हे काठीने वाजणारे, पट्टीवर घाव पडताच विरू लागणारे. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी घालण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारील. पण थोडा विचार केला तर ध्यानात येते, की ज्या शहराने बंदे अली खाँसाहेबांची बीन ऐकली, त्या बिनेचे अंग पुढे सतारीत उतरताना पाहिले, आणि जेथे वाढलेल्या एका गवयाचा खयाल सतारियांनी तारेवर घेतला, त्या शहराला हा प्रश्न नवा नाही. आपण तो निराळ्या नावांनी विचारीत आलो आहोत, एवढेच.

प्रथम मरिंबा म्हणजे काय ते पाहू. लाकडी पट्ट्या ओळीने मांडून त्या काठीने वाजवायच्या, ही कल्पना आफ्रिकेत फार जुनी. तेथील बालाफोन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली भोपळा बांधतात. आपल्या रुद्रवीणेच्या दांडीखाली दोन भोपळे असतात, ते याच कामासाठी. नाद घुमावा, ही दोन्ही ठिकाणची गरज एक, आणि तिच्यावर दोन्ही ठिकाणच्या कारागिरांना सुचलेला उपायही एक. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ही कल्पना मध्य अमेरिकेत गेली. ग्वातेमालामध्ये तर मरिंबाला राष्ट्रीय वाद्याचा मान आहे. विसाव्या शतकात त्याला भोपळ्यांऐवजी धातूच्या नळ्या लागल्या आणि ते युरोप-अमेरिकेच्या सभागृहांत पोहोचले. पॉल क्रेस्टन यांनी १९४० साली आणि दारियूस मियो यांनी १९४७ साली वाद्यवृंदासह मरिंबा वाजवण्यासाठी मोठ्या रचना केल्या. पुढे जपानच्या केइको आबे यांनी वाद्यनिर्मात्यांबरोबर काम करून त्याचा विस्तार पाच सप्तकांपर्यंत नेण्यात मोठा वाटा उचलला, आणि अमेरिकेच्या ली हॉवर्ड स्टीव्हन्स यांनी दोन हातांत चार काठ्या धरून त्या स्वतंत्रपणे चालवण्याचे तंत्र पद्धतशीरपणे मांडले.

पट्ट्या बहुधा होंडुरासच्या शिसवी जातीच्या लाकडाच्या असतात. आपल्याकडे ज्या शिसवी पलंगांचे व देव्हाऱ्यांचे कौतुक घरोघर होते, त्या शिसवाचे हे सख्खे भावंड. या झाडांची तोड इतकी झाली की २०१७ पासून या संपूर्ण वृक्षकुलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून २०१९ साली सूट मिळाली.

आता या पट्टीचे शास्त्र थोडे समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे. ताणलेली तार छेडली असता तिच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर आपोआप उमटतात. तारेचा नाद आपल्याला भरीव आणि सुरेल वाटतो तो यामुळे. तंबोऱ्याच्या खरजातून गंधार ऐकू येतो, त्याचे रहस्यही हेच. लाकडी पट्टीचा स्वभाव मात्र असा नाही. सारख्या जाडीची मोकळी पट्टी वाजवली तर तिचा पहिला उपस्वर मूळ स्वराच्या सुमारे २.७६ पट आणि त्यापुढचा ५.४ पट असतो. हे आकडे कोणत्याही स्वरसंवादात बसत नाहीत. म्हणून साध्या फळकुटाचा आवाज ‘टक’ असा येतो. त्यात स्वर असतो, पण तो बिचारा गोंगाटात सापडलेला असतो. मरिंबाचा कारागीर यावर उपाय म्हणून पट्टी खालच्या बाजूने मध्यावर कमानीसारखी कोरतो. योग्य तेवढे लाकूड काढले की पहिला उपस्वर मूळ स्वराच्या नेमका चौपट होतो, म्हणजे दोन सप्तके वरचा तोच स्वर. झायलोफोन या भावंडाच्या पट्ट्या तिप्पट उपस्वरावर जुळवतात. त्यामुळे त्याचा आवाज अधिक टोकदार येतो.

पट्टीखालची नळी वरून उघडी व खालून बंद असते आणि तिची लांबी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी ठेवतात. ४४० कंपनांच्या स्वराला साधारण साडेएकोणीस सेंटिमीटर नळी पुरते. पाच सप्तकी मरिंबाच्या सर्वांत खालच्या स्वराला ती जवळजवळ एकशेतीस सेंटिमीटर लागते. अशी नळी फक्त विषम पटींचे स्वर घुमवते. चौपट उपस्वर तिच्या हिशेबात बसत नाही. तो चटकन विरतो आणि मागे गोल, मऊ असा मूळ स्वर उरतो. परंतु येथे एक मेख आहे. नळी आवाज मोठा करते तो काही पदरचे घालून नव्हे. पट्टीत काठीने जेवढी शक्ती घातली तेवढीच खर्चायची असते. नळीमुळे ती लवकर खर्च होते, म्हणून आवाज मोठा पण अल्पजीवी होतो. खालचे स्वर काही क्षण तरी रेंगाळतात; वरचे स्वर उमटतात न उमटतात तोच संपतात.

चेलोचा गज याच्या नेमका उलट. गज चालू आहे तोवर स्वर जिवंत. तो वाढवता येतो, कमी करता येतो, मध्येच त्याचा रंग पालटता येतो. मग बाखचे संगीत या वाद्यावर टिकते तरी कसे? याचे उत्तर बाखच्या रचनेतच आहे. १७१७ ते १७२३ या काळात तो क्योटन येथे एका राजपुत्राच्या पदरी होता. या मालिका साधारण त्या काळातल्या मानतात. त्याच्या हातची मूळ प्रत हरवली. त्याची पत्नी अ‍ॅना माग्दालेना हिने केलेली प्रत उरली. पुढे पुष्कळ काळ या रचना सरावाचे धडे म्हणूनच ओळखल्या जात. १८९० साली बार्सिलोनातील एका दुकानात तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्स यांच्या हाती त्यांची छापील प्रत लागली, आणि १९३६ ते १९३९ या काळात त्यांनी सहाही मालिका ध्वनिमुद्रित केल्यावर त्यांचे खरे मोल जगाला कळले. चेलोवर तीन-चार स्वर एकदम आणि दीर्घ काळ वाजवता येत नाहीत. गज एका वेळी दोन तारांवरच नीट टिकतो. म्हणून बाखने स्वरसमूह फोडून एकामागून एक मांडले. पहिल्या मालिकेच्या प्रस्तावनेत खालचा स्वर एकदा वाजतो, मग हात वर जातो, पण श्रोत्याच्या कानात तो खालचा स्वर चालूच असतो. एकच ओळ वाजत असते आणि ऐकणारा मनात दोन-तीन ओळी ऐकत असतो. प्रत्यक्ष न वाजणारा स्वर श्रोत्याकडून पुरा करवून घेण्याची ही युक्ती चेलोच्या मर्यादेतून निघाली. मरिंबाची मर्यादा निराळी असली तरी हीच युक्ती तिच्याही उपयोगी पडते. शिवाय चेलोची सर्वांत खालची तार आणि पाच सप्तकी मरिंबाची सर्वांत खालची पट्टी यांचा स्वर एकच आहे. त्यामुळे एकही स्वर वरखाली न करता सारी रचना जशीच्या तशी वाजते.

अडचण येते ती सराबांद या संथ नृत्यबंधात. तेथे स्वर लांब आहेत आणि त्यांच्यामधल्या जागा अधिक अर्थपूर्ण. मरिंबावादकापुढे दोन वाटा असतात. एक, दोन काठ्यांनी त्याच पट्टीवर द्रुत आघात करीत स्वर थरथरता ठेवणे; दुसरी, स्वर एकदा वाजवून तो विरू देणे आणि श्रोत्यावर विश्वास टाकणे. माझे मत विचाराल तर दुसरी वाट अधिक प्रामाणिक आहे. सततच्या थरथराटाने गजाचा आभास निर्माण करण्याचा प्रयत्न होतो खरा, पण ऐकणाऱ्याला काठ्याच मोजाव्याशा वाटू लागतात. काठीच्या टोकाला गुंडाळलेले सूत मऊ की घट्ट, आघात पट्टीच्या मध्यावर की कडेला, एवढ्याच गोष्टी वादकाच्या हाती उरतात. त्यांच्या बळावर जो सराबांद रंगवतो तो खरा जाणकार.

अशा स्थलांतराला बाखची हरकत असती काय? त्याने स्वतःच व्हिव्हाल्डीचा चार व्हायोलिनांचा कन्चेर्टो चार हार्प्सिकॉर्डांवर आणला, आपल्या व्हायोलिनच्या तिसऱ्या पार्तितेची प्रस्तावना एका कान्ताताच्या आरंभी ऑर्गनला दिली, आणि पाचवी चेलोमालिका ल्यूटसाठी पुन्हा लिहिली. प्रत्येक वेळी त्याने नव्या वाद्याला जमेल ते वाढवले आणि न जमेल ते सोडले.

आता आपल्या घराकडे वळू. उस्ताद बंदे अली खाँ हे एकोणिसाव्या शतकातील थोर बीनकार. होळकरांच्या इंदुराशी त्यांचा दीर्घ संबंध होता; त्यांचा अंत १८९५ च्या सुमारास पुण्यात झाला. त्यांच्या परंपरेचे बीनकार इंदुरात नांदले. याच बीनकार घराण्याच्या बाबू खाँ यांच्याकडे जावऱ्यात जन्मलेले अब्दुल हलीम जाफर खाँ शिकले आणि त्यांनी बिनेचे संस्कार घेऊन सतारीचा स्वतःचा ‘जाफरखानी बाज’ उभा केला. १९२७ ते २०१७ अशा नव्वद वर्षांच्या आयुष्यातला त्यांचा बहुतेक काळ मुंबईत गेला, पण वाद्याची मुळे माळव्यातली. बिनेची जाड तार एकदा छेडली की तिचा नाद दीर्घ काळ टिकतो. तिच्यावर आलाप आणि जोड शोभतात. सतारीचा नाद त्या मानाने लवकर विरतो. तेव्हा बिनेचे अंग सतारीवर आणताना खर्जातले गांभीर्य काहीसे सुटले आणि त्याच्या बदल्यात बोलांची चपळाई, गतीची लज्जत आणि झाल्याची चमक मिळाली. जे सुटले त्याची हळहळ होतीच. एरवी मधल्या काळात सूरबहारसारखे वाद्य निघालेच नसते.

तथापि बीन ते सतार हा प्रवास तारेकडून तारेकडे आहे. दोन्हींमध्ये सर्वांत मौल्यवान वस्तू टिकून राहते, ती म्हणजे मींड. भारतीय तंतवाद्याचे सारे गुपित एका हिशेबात सांगता येईल: एका आघातात अनेक स्वर. नखी एकदा पडते, आणि नाद विरत असतानाच डावा हात तार खेचून त्याच नादातून दोन, तीन, चार स्वर काढतो. या स्वरांना सांधा नसतो. एकातून दुसरा उगवतो. पट्टीच्या वाद्यात हिशेब उलटा होतो. तेथे प्रत्येक स्वराला स्वतंत्र आघात द्यावा लागतो आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीही नसते. दरबारीचा आंदोलित गंधार किंवा भैरवाचा आंदोलित ऋषभ हा मुळी एका ठिकाणी उभा राहणारा स्वर नव्हे. ती हालचाल आहे. हालचालीला पट्टी कोठून आणायची? युरोपीय संगीतात स्वर हे मुक्कामाचे ठिकाण आहे आणि रचना ही त्या मुक्कामांची मांडणी. म्हणून बाखचा चेलो लाकडावर येतो. आपल्या संगीतात पुष्कळदा वाट हाच स्वर असतो. मरिंबावर बाख जमतो म्हणून बीनही जमेल, असे अनुमान त्यामुळे काढता येत नाही.

तरी आपल्याकडे आघाताच्या वाद्यांची उणीव नाही. पेल्यांत पाणी भरून जुळवलेले जलतरंग, लाकडी पट्ट्यांचे काष्ठतरंग, आणि या साऱ्यांत कल्पक म्हणावे असे मैहरचे नलतरंग. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास मैहर संस्थानात अनाथ मुलांना गोळा करून वाद्यवृंद उभारला आणि त्यासाठी बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे स्वरवाद्य केले. माणसे मारण्याच्या नळीतून यमन निघावा, यापरता तिचा सदुपयोग कोणता? ही वाद्ये वृंदात शोभली, जलतरंगाने स्वतंत्र मैफलीही केल्या. पण काष्ठतरंग बहुतेक वेळा चमत्कृती म्हणूनच ऐकले गेले. जलतरंगात निदान पाण्याला काडीचा स्पर्श करून स्वर किंचित हलवता येतो. लाकडाला ती सोय नाही.

काठीचे वाद्य रागसंगीतात मानाने बसवण्याचे जे एक मोठे उदाहरण आपल्यापुढे आहे, ते संतुराचे. पंडित शिवकुमार शर्मा यांचा जन्म जम्मूचा, १९३८ चा, कर्मभूमी मुंबई, निधन १० मे २०२२. काश्मिरात सूफियाना मौसिकीच्या साथीला वाजणारे हे वाद्य शंभर तारांचे. त्यांच्या वडिलांनी, पंडित उमादत्त शर्मांनी, ते मुलाच्या हाती दिले ते शास्त्रीय संगीत त्यावर यावे या हेतूनेच. १९५५ साली मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात सतरा वर्षांच्या शिवकुमारांनी ते प्रथम मोठ्या मैफलीत वाजवले. लोकांना गंमत वाटली, जाणकारांनी माना हलवल्या. आक्षेप तोच, जो आपण वर पाहिला: मींड नाही, मग राग कुठला? आक्षेप खोटा नव्हता, आणि त्यांनी तो खोटा मानलाही नाही, हे मला विशेष वाटते. पुढची कित्येक वर्षे त्यांनी वाद्यावर काम केले. तारांची संख्या आणि मांडणी बदलली, स्वरविस्तार तीन सप्तकांपर्यंत नेला, वाद्य तिकटीवरून उचलून मांडीवर घेतले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कलम तारेवर मारण्याऐवजी हलकेच घसरवत नेण्याचे तंत्र बसवले. कलम तारेवर इतक्या जवळजवळच्या, इतक्या मऊ उसळ्या घेते की कानाला स्वर अखंड भासतो, आणि तसेच ते शेजारच्या स्वरावर नेले की दोहोंमधली फट बुजल्यासारखी वाटते. मरिंबाच्या थरथराटाचेच हे रूप, परंतु तारेच्या टिकाऊ नादामुळे आणि हाताच्या नजाकतीमुळे त्यात काठ्या मोजाव्याशा वाटत नाहीत.

याखेरीज त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. वाद्याला जे जमत नाही ते त्यांनी वाद्याकडे मागितले नाही. आलाप, जोड, झाला ही बिनेची शिडी त्यांनी घेतली, पण जोड आणि झाल्यात लयीची विविधता अशी गुंफली की आघात हीच शोभा व्हावी. ते तबलाही उत्तम वाजवत. तो हात येथे कामी आला. मुंबईचे पंडित उल्हास बापट (१९५०–२०१८) यांनी निराळी वाट धरली. त्यांनी बाराही स्वर क्रमाने येतील अशी जुळणी संतुरावर केली, ज्यामुळे मैफलीत वाद्य पुन्हा न जुळवता एका रागातून दुसऱ्या रागात जाता येई. आणि संतुरावर प्रत्यक्ष मींड काढण्याचीही स्वतःची रीत बसवली. शिवकुमारांनी मींडेचा भास साधला, बापटांनी मींडच मागितली. दोघांचीही वाट आपापल्या जागी खरी, असे मी मानतो.

१९५५ सालाबद्दल येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ प्रदर्शित झाला. संगीत वसंत देसाई यांचे. त्यातले शीर्षकगीत गायले इंदूरच्या अमीर खाँसाहेबांनी, त्यात सतार वाजली जावऱ्याच्या अब्दुल हलीम जाफर खाँ यांची, आणि एका प्रसंगाच्या पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमारांचे संतूर आले. कंठ, छेडलेली तार आणि काठीची तार एका मराठी दिग्दर्शकाच्या चित्रपटात अशी शेजारी बसली, आणि तिघांपैकी दोघे आपल्या माळव्याचे.

अमीर खाँसाहेबांचे नाव निघालेच आहे, तर आपल्या विषयाला त्यांच्याकडून मिळणारा एक धागा सोडू नये. त्यांचे वडील शहमीर खाँ होळकर दरबारी सारंगी आणि बीन वाजवत. खुद्द खाँसाहेबांचे आरंभीचे शिक्षणही सारंगीसह झाले, आणि धाकटे बंधू बशीर खाँ तर आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर सारंगीवादक होते. म्हणजे हा गळा घडला तारेच्या सहवासात. त्या गळ्याची शिस्त होती मेरुखंडाची. सात स्वर घेऊन त्यांचे जितके क्रम संभवतात ते सारे मांडले तर ५०४० होतात. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीस बसून ‘संगीतरत्नाकरा’त हा हिशेब मांडून ठेवला आहे. मेरुखंड हा सुट्या स्वरांचा खेळ आहे. सा रे ग, सा ग रे, रे सा ग… यात मींड गृहीत नाही, क्रम आहे. हे क्रम काष्ठतरंगावर निर्वेध वाजतील, किंबहुना गळ्यापेक्षा स्वच्छ वाजतील. पण खाँसाहेबांची थोरवी अशी, की त्यांनी या कोरड्या गणिताला मींडेत बुडवून काढले. ऐकणाऱ्याला क्रम जाणवत नाही, फक्त पुढचा स्वर अनपेक्षित दिशेने आला एवढेच जाणवते. निखिल बॅनर्जींसारख्या सतारियाने हे अंग तारेवर घेतले, कारण तारेत दोन्ही गोष्टी आहेत. लाकडात त्यांपैकी एकच आहे. मात्र ती एक गोष्ट शिकवण्यासाठी लाकूड तारेहून सरस ठरेल, असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

हे म्हणण्यामागे शाळेचा संबंध आहे. आपल्या बहुतेक शाळांत मुलाच्या कानावर पहिला स्वर पडतो तो पेटीचा. पेटीवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली, ती १९७१ मध्ये शिथिल झाली. त्या वादाच्या काळातही ग्वाल्हेरच्या भैयासाहेब गणपतरावांचे ठुमरी-अंग आणि गोविंदराव टेंब्यांचा हात यांची आठवण पेटीच्या बाजूने बोलतच होती. थोर वादकाच्या हाती पेटी मींडेचा आभास देते, हे खरेच. पण संगीताच्या तासाला चाळीस मुलांपुढे जी पेटी वाजते, ती थोर वादकाच्या हाती नसते. आता तिच्या जागी विजेचा कीबोर्ड आला आहे. दोन्हींत दोष दोन: मींड नाही, आणि बारा स्वरांचे अंतर ठोकळेबाज समान केलेले. पहिला दोष मूल गाऊ लागले की भरून निघतो. दुसरा मात्र कानात मुरतो. पेटीचा गंधार हाच गंधार म्हणून मूल मोठे होते. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली ती या व्यथेपायीच, पण ती प्रत्येक शाळेला मिळणे कठीण.

पट्टीचे वाद्य येथे उपयोगी पडते, कारण ते शाळेच्या कार्यशाळेत मुलांना स्वतः बनवता येते आणि हव्या त्या गंधारावर जुळवता येते. सारख्या रुंदीच्या व जाडीच्या सागवानी किंवा शिसवी पट्ट्या घ्याव्यात. पट्टीचा स्वर तिच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून षड्जाची पट्टी चाळीस सेंटिमीटर धरली तर वरचा षड्ज वीसला नव्हे, सुमारे सव्वाअठ्ठावीसला येतो. शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट. त्याची पट्टी पस्तीस सेंटिमीटर आठ मिलिमीटरच्या आसपास. पंचम दीडपट, त्याची बत्तीस सेंटिमीटर सात मिलिमीटर. पट्टी जेथे हलत नाही असे दोन निस्पंद बिंदू तिच्या प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर असतात, म्हणजे चाळीस सेंटिमीटरच्या पट्टीत टोकापासून नऊ सेंटिमीटरवर. छिद्रे तेथेच पाडून दोरी ओवावी. इतरत्र पाडली तर स्वर दबतो. स्वर चढवायचा असेल तर टोकाकडून किंचित घासावे, उतरवायचा असेल तर खालून मध्यावर. शेजारी तंबोरा लावून ठेवावा आणि त्यातून गंधार ऐकू येऊ लागला की त्याला मिळेपर्यंत पट्टी घासत राहावे. मुलाने आधी ओळ गावी, मींडेसकट गावी. मग त्या ओळीतले केवळ मुक्कामाचे स्वर पट्ट्यांवर वाजवावेत. दोन पट्ट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आपल्या गळ्याने काय केले होते, ते त्याला त्या वेळी विचारावे.